अंगणासाठी पहिली दुर्बीण: ७० मिमी भिंगाची की ६ इंची डॉब्सन?

दिवाळीच्या आसपास गोव्यातलं आभाळ निवळायला लागतं आणि ओळखीतून हमखास विचारणा येते: मुलीला पहिली दुर्बीण घ्यायची आहे, कुठली घेऊ? बहुतेकांच्या डोक्यात तोवर खोक्यावरचा '६७५ पट' हा आकडा बसलेला असतो. तो आधी विसरा. नळीची नाभीय लांबी (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) भागिले आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगाची, म्हणजे पट. ७०० मिमीच्या नळीला १० मिमीचं आयपीस लावलं की ७० पट. पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट ही साधारण कमाल मर्यादा. ७० मिमीच्या दुर्बिणीत १४०च्या पुढे चित्र फक्त मोठं आणि धूसर होत जातं. पैसे मोजायचे ते व्यासासाठी.

व्यासाचा हिशेब वर्गाने चालतो. डॉब्सन म्हणजे साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण; ६ इंचीचा १५० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगापेक्षा साडेचार पट उजेड गोळा करतो. शनीचं कडं, गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरं दोन्हींत दिसतात, आणि ७० मिमीतून पहिल्यांदा कडं पाहिलेलं पोर त्या रात्री लवकर झोपत नाही. फरक उघडा पडतो अंधुक गोष्टींत. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ घ्या. दिल्लीत तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो, आपल्याकडे २७ अंशांपर्यंत. गोव्यात राहणाऱ्याला मिळालेली ही भेटच आहे. मेच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला बघा, पाऊस यायच्या आत. भिंगाच्या दुर्बिणीत तो पिंजलेल्या कापसाचा बोळा दिसतो. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मामाच्या अंगणातून तोच ६ इंची डॉब्सनमध्ये ८० पटींवर पाहिला, तेव्हा बोळ्याच्या कडेने बारीक रवा विखुरल्यासारखे सुटे तारे दिसले. मामी तर आयपीसवरून हलायलाच तयार नव्हती.

मग सगळ्यांनी डॉब्सनच घ्यावी का? नाही. तिची नळी सव्वा मीटरच्या आसपास, लाकडी बैठकीसकट वजन पंधरा किलोच्या घरात, आणि किंमत साध्या ७० मिमीच्या कितीतरी पट. फोंडा-डिचोलीकडे स्वतःचं अंगण किंवा मोकळी गच्ची असेल तर ती दाराआड उभी ठेवता येते, दोन फेऱ्यांत बाहेर. पर्वरी किंवा मडगावात लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर राहत असाल, तर चौथ्या रात्रीपासून ती खोलीच्या कोपऱ्यातच राहील. तिथे ७० मिमी बरी. एका हातात नळी, दुसऱ्या हातात तिवई घेऊन निघालात.

त्या हलक्या तिवईचं दुखणं मात्र खरं आहे. फोकसच्या चाकाला बोट लावलं की शनी थरथरतो आणि स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद घेतो. तिवईचे पाय पूर्ण लांबवू नका, बसून बघा, आणि मधल्या पट्टीला वाळूची पिशवी टांगा. थरथर बरीच कमी होते. डॉब्सनला हा त्रास जवळपास नाही. तिचा त्रास वेगळा: आरसे अधूनमधून एका रेषेत आणावे लागतात. पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर पाच मिनिटं.

दुकानदार तिसरा पर्याय पुढे करतो: ११४ किंवा १३० मिमीचा आरसा, विषुववृत्तीय मांडणीवर. पहिली दुर्बीण म्हणून ती गोव्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि आपला ध्रुवतारा क्षितिजापासून १५-१६ अंशांवर, म्हणजे बहुतेक अंगणांत माडांच्या आड. शिवाय अक्ष इतका खाली झुकवला की काही मांडण्यांत वजनाचा दांडा तिवईच्या पायाला अडतो.

घ्यायच्या आधी दोन्ही प्रकारांतून डोळा लावून बघा. पणजीची असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही संस्था लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवत आली आहे. तिच्या एखाद्या कार्यक्रमाला जा.

कुठलीही घेतलीत तरी पावसाळा सांभाळा. एका वर्षी मी आयपीस त्यांच्या पिशवीत तशीच ठेवली. सप्टेंबरात काढली तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे पांढरे तंतू. आता जून ते सप्टेंबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत असतात. हिवाळ्यात दव पडतं, तेही भिंगाच्या दुर्बिणीवर आधी, कारण तिची काच पुढे उघडी असते. जाड काळ्या कागदाची नळी पुढे गुंडाळा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणलीत तर दोन्हींवर वाफ धरते.

सूर्याकडे मात्र नळीच्या पुढच्या तोंडावर बसणाऱ्या योग्य फिल्टरशिवाय कधीही रोखू नका. आयपीसला लावायचा छोटा काळा फिल्टर सोबत आला असेल तर फेकून द्या. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो.

पहिल्या दिवशी उजेड असतानाच नळीवरची छोटी शोधक दुर्बीण लांबच्या एखाद्या माडाच्या शेंड्यावर जुळवून ठेवा. मग शुक्ल पंचमी ते अष्टमीमधली रात्र निवडा, पौर्णिमा नको. २५ मिमीचं आयपीस लावा आणि चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर या. विवरांच्या सावल्या तिथे सगळ्यात लांब पडतात.