गावरान की गिरिराज? सोलापूरच्या परसात काय टिकेल

अंड्यांचा हिशेब मांडला की गावरान कोंबडी लगेच मागं पडते. वर्षाला साठ-ऐंशी अंडी, तीही लहान. गिरिराज ही सुधारित जात नीट खाद्यावर १३० ते १५० देते आणि अंडंही मोठं. पण सोलापुरात हा हिशेब मार्चपर्यंतचाच.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, खाणं कमी करते, अंडी घटतात. अंगानं भारी गिरिराजला हे जास्त जड जातं. हलकी गावरान लिंबाखाली माती उकरून त्यात पडून राहते. गिरिराज घ्यायचीच असेल तर खुराड्यावर उघडा पत्रा ठेवू नका. वर कडब्याचा थर, उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलायचं, म्हणजे नळाला पाणी न येणाऱ्या दिवसांसाठी वेगळी टाकी हवी.

दुसरा मुद्दा खुडूक बसण्याचा, म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवायला बसण्याचा. गावरान दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. रोज ऑम्लेट हवं असणाऱ्याला वैताग, पण माझ्या मते तिची खरी किंमत इथंच आहे. रवणाला, म्हणजे अंड्यांवर उबवायला, बसवली की २१ दिवसांत पिलं, आणि पुढं त्यांना फिरवते, चारते, घारीपासून पंखाखाली घेते ती स्वतःच. गिरिराज सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी दुसरीकडं उबवली तरी पिलं आईबापांच्या तोडीची निघत नाहीत. दर खेपेला पिलं विकत आणा, पहिले काही आठवडे बल्बची ऊब द्या.

खाण्यात गावरान भागवून घेते: ज्वारीची भरड, भाजीचे देठ, उकिरड्यातले किडे. गिरिराजला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा दोघींनाही. मुंगूस आलं तर गावरान झाडावर उडते. गिरिराजला तेवढं उडता येत नाही, म्हणून तिला पक्की जाळी हवी.

‘गावरानला रोग होत नाही’ हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की दोघी सारख्याच मरतात. तिच्यावर पहिल्या आठवड्यात लासोटा लस, आठव्याच्या आसपास आर-टू-बी लस, आणि लस आणताना थर्मासमध्ये बर्फ.

जुळे सोलापुरात भिंतीला भिंत लागून घर असेल तर चार-पाच गिरिराज माद्या ठेवा. कोंबडा नको, त्याच्यावाचूनही अंडी मिळतात आणि पहाटे शेजारी भांडायला येत नाहीत. कुंभारी-बाळ्याकडं मोकळी जागा असेल तर मी डोळे झाकून गावरान घेईन, कोंबड्यासकट. गिरिराजची पिलं आणायची ती जुलैत. साडेपाच-सहा महिन्यांनी, थंडीत, अंडी सुरू होतात आणि ऊन तापायच्या आधी पक्षी पुरता वाढलेला असतो.