ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज मोजायचं किट: सहा महिने वापरल्यानंतर

उंदराचं यकृत, मक्याची रोपं आणि डासांच्या अळ्या, अशा तिन्हींवर मी हे किट सहा महिने वापरलं. ग्लुटाथायोन हा पेशींमधला छोटा रेणू दुसऱ्या रसायनांना जोडणाऱ्या एन्झाइमांचं कुटुंब म्हणजे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. आधी निकाल सांगते: रसायनं उत्तम, माहितीपत्रक कच्चं, आणि खोक्यावरचा 'एकूण ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज' हा दावा मला मान्य नाही.

पद्धत जुनीच, १९७४ साली हाबिग, पाब्स्ट आणि याकोबी यांनी मांडलेली. एन्झाइम सीडीएनबी या रसायनाला ग्लुटाथायोन जोडतं, आणि तयार होणारा पदार्थ ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. शोषण दर मिनिटाला किती चढतं ते बघायचं, झालं. ग्लुटाथायोन छोट्या कुप्यांमध्ये कोरडी पूड म्हणून येतं, हे मला सगळ्यात आवडलं. विरघळवून ठेवलं की ते हवेने हळूहळू खराब होतं; इथे रोज नवी कुपी उघडता येते. बफर (पीएच स्थिर ठेवणारा द्राव) ६.५ पीएचचा आहे आणि दर वेळी मोजून पाहिला तर तेवढाच भरला. हे महत्त्वाचं आहे, कारण पीएच चढला की एन्झाइम नसतानाही जोडणी आपोआप होऊ लागते आणि कोऱ्या नमुन्याचा आकडा फुगतो.

पहिल्या आठवड्यात मात्र रडकुंडीला आले. बफर फ्रीजमधून काढून तसाच वापरला. अल्कोहोलमधलं सीडीएनबी त्यात पडताच पांढुरकी झाक उठली. क्युव्हेट, म्हणजे मोजणीची पारदर्शक नळी, खिडकीशी धरली तर आत बारीक सुया तरंगत होत्या. यंत्राला त्या गढूळपणातलं काय कळणार, आकडे वेडेवाकडे नाचत होते. बफर २५ अंशांवर आणून मग मिसळलं की सगळं स्वच्छ. पत्रकात याची एक ओळ हवी होती.

त्याहून मोठी चूक हिशेबाच्या सूत्रात आहे. शोषणावरून पदार्थाचं प्रमाण काढायचा ९.६ हा गुणांक प्रकाशाची वाट १ सेंटिमीटर असते तेव्हाचा. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर द्रावाची उंची साधारण अर्धा सेंटिमीटर भरते, आणि पत्रकात त्याची दुरुस्तीच नाही! तोच नमुना क्युव्हेटमध्ये मोजला तेव्हा आमचे दोन आठवड्यांचे आकडे जवळपास निम्मे लागल्याचं लक्षात आलं. कंपनीला कळवलं, उत्तरही नम्र आलं, पण पुढच्या खोक्यात तेच पत्रक.

आता त्या 'एकूण' शब्दाकडे येते. यकृतातले या एन्झाइमांचे अल्फा, म्यू आणि पाय गट सीडीएनबीवर छान चालतात, म्हणून तिथे किट शोभून दिसतं. पण हे कुटुंब केवढं पसरलेलं आहे! थीटा गटातली कितीतरी एन्झाइमं सीडीएनबीला जवळजवळ हातच लावत नाहीत. झीटा गटातलं एन्झाइम टायरोसिनच्या विघटनातली एक पायरी सांभाळतं; ते नसेल तर ती वाट तुंबते, पण किटवर ते जेमतेम दिसतं. म्हाकुळाच्या डोळ्याच्या भिंगातली मुख्य प्रथिनंही याच घराण्यातून आलेली आहेत, आणि बहुतेकांनी जोडणीचं काम केव्हाच सोडून दिलंय. भिंग पारदर्शक ठेवणं एवढंच त्यांचं काम.

डासांवर काम करताना हे सगळ्यात जास्त बोचलं. अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए या डासातलं एप्सिलॉन गटाचं जीएसटीई२ डीडीटी या कीटकनाशकातून हायड्रोजन क्लोराइड काढतं आणि डीडीई हा पदार्थ मागे राहतो. ग्लुटाथायोन त्यात हातभार लावतं, पण खर्ची पडत नाही. मग सीडीएनबीचा आकडा डीडीटीबद्दल काय सांगणार? आमच्या डासांच्या दोन वाणांचे किटवरचे आकडे जवळजवळ सारखे आले. फरक दिसला तो क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची पद्धत) डीडीई मोजलं तेव्हा. फक्त किटवर विसंबून राहिले असते तर 'या अळ्यांमध्ये ट्रान्सफरेजचा संबंध नाही' असं लिहून मोकळी झाले असते. या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

मक्यासाठी घेणार असाल तर पीव्हीपीपी ही फिनॉल धरून ठेवणारी पूड वेगळी आणा. पानं वाटल्या वाटल्या फिनॉलमुळे अर्क तपकिरी होतो आणि किटच्या बफरमध्ये त्यावर काही उपाय नाही. चिमूटभर पीव्हीपीपी घातली तेव्हा अर्क हिरवट राहिला आणि शोषणाची रेषा सरळ चढली. मक्याकडे हे एन्झाइम मुबलक आहे, अ‍ॅट्राझिन हे तणनाशक फवारलं तरी तो तगतो ते त्याच्याच जोरावर, त्यामुळे अर्क भरपूर पातळ करा. पहिल्या वेळी माझी रेषा अर्ध्या मिनिटातच सपाट झाली होती.

यकृताच्या नमुन्यांसाठी मी हेच किट पुन्हा मागवलंय. सीडीएनबीची कुपी उघडताना हातमोजे घालाच आणि ते लगेच बदला. त्वचेला एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे थेंबभरानेही पुरळ उठतं.