घोंगडी की मेरिनोचं ब्लँकेट?

थंडीच्या तोंडावर कोणी ना कोणी हे विचारतंच. दोन्ही मी वापरली आहेत; घोंगडी आपल्या दख्खनी मेंढीची, ब्लँकेट मेरिनो नावाच्या मऊ लोकरीच्या मेंढीचं. घोंगडी अजून पांघरतो. मेरिनोचं काय झालं ते पुढे सांगतो.

मऊपणात तुलनाच नको. मेरिनोचा तंतू 24 मायक्रॉनच्या आतला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अंगाला टेकला की वाकतो. दख्खनी मेंढीची लोकर भरड, त्यात केसही मिसळलेले. 30 मायक्रॉनच्या पुढचा तंतू वाकायचं नाव घेत नाही, सरळ टोचतो. त्यातून नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीने पुठ्ठ्यासारखी ताठ. पहिले पंधरा दिवस मी आतून आईचं जुनं लुगडं घेऊन झोपलो. खळ उतरली, मग जमलं.

उबेत मला फारसा फरक जाणवला नाही. लोकर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते, तरी हाताला कोरडी लागते. त्यामुळे दोन्हींत पहाटे अंग चिकचिकत नाही. कसरही दोन्हींना लागते, तेव्हा डांबरगोळ्या चुकत नाहीत.

माझं घोडं अडलं ते धुण्यापाशी. मेरिनोला थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, दोरीवर टांगायचं नाही. घरात सगळे त्याला पाहुण्यासारखे वागवायचे. एकदा कोणीतरी (नाव सांगत नाही, घरात राहायचंय) ते गरम पाण्यावर मशीनला लावलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. डबलबेडचं ब्लँकेट पाळण्यापुरतं उरलं.

गंमत म्हणजे याच खोडीवर धनगर लोकर थापून जेन, म्हणजे न विणलेलं जाड लोकरी अंथरूण, करतात. घोंगडीही भिजून, तुडवून दाट होत जाते, म्हणून तर पावसात तिची खोळ चालते. माझी घोंगडी ओसरीवर अंथरली जाते, शेतावर जाते. मळली की झटकायची, उन्हात टाकायची. धुणं वर्षातून एखादं.

अर्थात, तान्हं मूल असेल किंवा कातडी नाजूक असेल, तर मेरिनोच घ्या, मी आग्रह करणार नाही. मधला मार्ग म्हणजे जावळाची घोंगडी, कोकराच्या पहिल्या कातरणीची. महाग पडते, पण टोचणं बरंच कमी. घेताना सणगरांच्या, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांच्या, हातमागावरचीच आहे ना, हे विचारा. नुसत्या काळ्या रंगावर भुलू नका.

आटलेलं मेरिनो सध्या इस्त्रीच्या टेबलावर अंथरलंय. त्या कामाला फार छान आहे.