‘श्रेक’: राक्षसाला न्याय मिळाला, बुटक्याला मिळाला नाही

‘ड्रीमवर्क्स’चा ‘श्रेक’ हा २००१ सालचा अ‍ॅनिमेशनपट अलीकडे घरातील मुलांसोबत पुन्हा पाहिला आणि या वेळी माझे मन आरंभीच्या एका प्रसंगातच अडकून राहिले. ड्युलॉकचा अधिपती लॉर्ड फारक्वाड याच्या हुकमावरून परीकथांतील जीवांची धरपकड चालू आहे, शिपायांच्या मेजासमोर रांग लागली आहे आणि ज्या जेपेटोने पिनोकिओ या लाकडी बाहुल्याला स्वतःच्या हातांनी घडवले, तोच त्याला पाच शिलिंगांना देऊन मोकळा होतो. मुले येथे हसतात. सत्ता नकोशा माणसांना हुसकावते तेव्हा त्यांच्या घरचे लोकही कसे हातभार लावतात, हे इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवले गेले असेल.

हुसकावलेले हे सारे जीव श्रेकच्या दलदलीत येऊन पडतात. गावकरी मशाली घेऊन ज्याच्यावर चालून येतात, असा हा वाळीत पडलेला राक्षस. पण या निर्वासितांची त्याला दया येत नाही. त्याला फक्त स्वतःची जागा मोकळी हवी असते आणि तेवढ्यासाठी तो फारक्वाडशी सौदा करून राजकन्या फिओनाला सोडवायला निघतो. दिग्दर्शक अँड्र्यू अ‍ॅडमसन आणि विकी जेन्सन यांनी त्याला पहिल्यापासून सोशिक आणि उदार रंगवले नाही, ही मला या चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. लोक आपल्याला ओळखण्याआधीच आपल्याबद्दल मत बनवतात, हे तो चांदण्या रात्री सोबतच्या बोलक्या गाढवाला सांगतो तेव्हा त्याचे दुःख म्हणूनच खरे वाटते.

फिओनाविषयी माझे मत इतके सरळ नाही. रॉबिन हूडच्या टोळीला एकटीने लोळवणारी आणि शेवटी राक्षसीच्या रूपातच राहणारी नायिका त्या काळी धाडसी होती, यात शंका नाही. मात्र ज्या पुस्तकावरून हा चित्रपट घेतला, त्या विल्यम स्टाइग यांच्या १९९० सालच्या सचित्र गोष्टीत राजकन्या मुळातच कुरूप आहे. दिवसा रूपवती आणि सूर्यास्तानंतर राक्षसी, हा शाप चित्रपटाची भर आहे. परिणामी बहुतांश वेळ पडद्यावर सडपातळ, देखणी फिओनाच दिसते आणि जिचा स्वीकार हा कथेचा गाभा आहे, ती राक्षसी मोजक्या दृश्यांपुरती उरते. शिवाय जोडी जमते ती राक्षस आणि राक्षसीचीच. जातीबाहेरचे प्रेम गाढव आणि ड्रॅगन यांच्या, म्हणजे विनोदी पात्रांच्या, वाट्याला दिले आहे.

खरी तक्रार फारक्वाडबद्दल आहे. जिंजरब्रेडच्या बाहुल्याचा छळ करणारा हा माणूस दुष्ट आहे, हे दाखवायला त्याची कृत्ये पुरेशी होती; तरीही चित्रपट पुन्हा पुन्हा त्याच्या बुटक्या उंचीवर हसतो आणि खुद्द श्रेकही त्या हसण्यात सामील होतो. शरीरावरून माणूस तोलू नये, हे दीड तास कळकळीने मांडणाऱ्या कथेने ही सवलत स्वतःला द्यायला नको होती, कारण शाळेच्या रांगेत उंचीमुळे सर्वांत पुढे उभे राहणारे मूलही हा चित्रपट पाहत असते.

सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा पहिला ऑस्कर याच चित्रपटाला मिळाला आणि पटकथेची बांधणी पाहता तो योग्यच होता. मुलांना तो जरूर दाखवावा, पण सोबत बसून. मी जेपेटोच्या प्रसंगाला आणि उंचीवरच्या पहिल्या विनोदाला चित्रपट थांबवून त्यांच्याशी बोलले.