कॅन्यन डी शे : गाइडशिवाय न उतरता येणारी दरी

अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यातील कॅन्यन डी शे काठावरच्या रस्त्याने स्वतःच्या गाडीतून कोणालाही पाहता येते, आणि बरेच प्रवासी दोन-चार ठिकाणी थांबून, छायाचित्रे काढून तेवढ्यावरच परततात. तळाशी उतरायचे असेल तर मात्र नावाहो या मूळ अमेरिकी जमातीचा गाइड बरोबर असावा लागतो. १९३१ साली या दऱ्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तरी जमीन नावाहो लोकांचीच राहिली आणि काही कुटुंबे आजही तेथे शेती करतात, हे त्यामागचे कारण आहे. दरीतल्या ‘व्हाइट हाउस’ नावाच्या प्राचीन घरांच्या अवशेषांकडे उतरणारी एकमेव मोकळी पायवाट आम्ही गेलो तेव्हा बंद होती. म्हणून आम्ही चिनली गावातून निघणारी पूर्ण दिवसाची सहल घेतली.

सुरुवात मनस्तापाने झाली. नावाहो प्रदेशात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, उरलेल्या अ‍ॅरिझोनात करत नाहीत. आरक्षणाच्या पत्रात नऊ वाजताची वेळ होती, पण ती कोणत्या घड्याळाची याचा उल्लेख नव्हता. फिनिक्सहून आदल्या रात्रीच मुक्कामाला आलो होतो म्हणून निभावले. त्याच दिवशी पहाटे निघालेल्या एका कुटुंबाची सहल मात्र हुकली आणि संचालकांनी त्यांना पैसे परत देण्यास नकार दिला. हा व्यवहार मला रास्त वाटला नाही.

त्यानंतरचा सगळा दिवस मात्र आमच्या गाइडबाईंचा होता. मागे बाके लावलेला उघडा ट्रक ओढ्याच्या पात्रातूनच चालतो. रस्ता असा नाहीच. ओली वाळू कोठे रुतवते आणि कोठे पेलते हे त्यांना पाण्याच्या रंगावरून कळत असावे, कारण दोनदा त्यांनी समोरच्या ट्रकची चाकोरी सोडून भलतीच वाट धरली आणि तो ट्रक थोड्या वेळाने अडकलेला दिसला. तोंडाशी जेमतेम तीस फुटांचे असलेले लाल वालुकाश्माचे कडे आत जाता जाता हजार फुटांपर्यंत चढतात, आणि त्यांच्यावरून खाली ओघळलेले काळे पट्टे पाहताना मान दुखू लागते.

व्हाइट हाउसची वरची घरे कड्याच्या पोटातील नैसर्गिक कपारीत बांधलेली आहेत. एका भिंतीवरच्या पांढऱ्या गिलाव्यामुळे ते नाव पडले. आपल्याकडची अजिंठ्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे प्रथम लेण्यांसारखे वाटते, पण येथे कातळ कोरलेला नाही, दगड रचून घरे उभी केली आहेत. ती बांधणारे नावाहो नव्हेत, तर आजच्या होपी व इतर प्यूब्लो या दुसऱ्या मूळ अमेरिकी लोकांचे पूर्वज, हे गाइडबाईंनी आपणहून आणि स्पष्टपणे सांगितले. या पूर्वजांसाठीचा ‘अनासाझी’ हा रूढ शब्द मुळात नावाहो भाषेतला आहे आणि प्यूब्लो लोकांना तो रुचत नाही, म्हणून त्या तो टाळत होत्या. कुंपणाच्या आत कोणालाच जाता येत नाही, त्यामुळे जवळून पाहण्याची हौस असणाऱ्यांनी दुर्बीण न्यावी.

दुपारनंतर कॅन्यन डेल मुएर्तो या जोडदरीत वळलो. तेथे अँटिलोप हाउस या अवशेषांजवळ कड्यावर रंगवलेली हरणे आणि कड्यावर रंगवलेली स्पॅनिश घोडेस्वारांची रांग पाहिली. १८०५ साली स्पॅनिश सैन्याने या दरीत केलेली कत्तल आणि १८६४ साली अमेरिकी लष्करी अधिकारी किट कार्सनच्या सैन्याने तोडलेल्या पीचच्या बागा यांविषयी गाइडबाई अगदी मोजके बोलल्या. एका घराशेजारून जाताना त्यांनी कॅमेरे खाली ठेवायला सांगितले. ते घर त्यांच्या मावशीचे होते.

जेवण सामान्य होते. शाकाहार आधी कळवूनही तळलेल्या जाड भाकरीवर मांसाचा रस्सा घालून आला, आणि शेवटी कोरड्या भाकरीवर मध लावून भागवले. बाकांना पाठ टेकायला जागा नाही, सावली कमी आहे, आणि वाळू केसांतून दोन दिवस निघत नाही. कंबरदुखी असलेल्या ज्येष्ठांना हा प्रवास झेपणार नाही. त्यांनी दक्षिण काठाच्या रस्त्याने जाऊन ७५० फूट उंचीचा स्पायडर रॉक हा सुळका संध्याकाळच्या उन्हात पाहावा. बाकीच्यांनी पैसे वाचवण्यासाठी अर्ध्या दिवसाची सहल घेऊ नये; ती सहसा कॅन्यन डेल मुएर्तोतील ममी केव्ह या अवशेषांपर्यंत पोहोचत नाही, आणि तेथील मनोऱ्यासमोर मिळालेला अर्धा तास मला दिवसभरातील सर्वांत मोलाचा वाटला.