गुलमर्गचा स्की क्लास : सरांना पाच स्टार, बुकिंगवाल्याला दोन

पंचवीस वर्षं विम्याचं काम करते. अटी वाचल्याशिवाय सही करू नका, हे साताऱ्यातल्या कित्येक घरांत मीच सांगितलंय. आणि स्वतः मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तीन दिवसांचं स्की पॅकेज ‘सर्व साहित्यासह’ एवढ्या दोन शब्दांवर बुक केलं. तेव्हा खालचा निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

फॉर्मवर ‘शू साइज’ असा रकाना होता. मी ६ लिहिलं. स्कीच्या बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे पावलाची लांबी तोच नंबर, हे कुणी सांगितलंच नाही. माझं पाऊल २४, हातात आला २६. चालताना टाच आत वरखाली व्हायची. मग मी शहाणपणा करून मोज्यांचा दुसरा जोड चढवला. बोटं बधिर झाली, पोटरी आवळली आणि वळायला गेले की पाय बुटातल्या बुटात वळायचा, स्की आपली सरळ!

सरांनी दोन उतार बघितले आणि मला बाकावर बसवलं. बूट काढायला लावला, आतला तळवा उपसून काढला, बर्फावर ठेवला आणि त्यावर मला उभं केलं. पुढे चांगली दोन बोटं जागा रिकामी. म्हणाले, “मॅडम, ये आपका नहीं, आपके भाई का जूता है.” मग स्वतः भाड्याच्या दुकानात जाऊन बदलून आणला. मोजे एकच जोड, तेही सुती नकोत. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा, गुडघे वाकवले की सुटायला हवा. एवढं फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली असती. माझी पहिली सकाळ त्यात गेली.

वजन मात्र खरं सांगा. मी चार किलो कमी सांगणार होते, लेकीने डोळे वटारले. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटावं, हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुमची तयारी बघून लावतात. कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निसटते, जास्त सांगितलं तर पडल्यावर सुटतच नाही आणि गुडघा जातो.

‘सर्व साहित्य’ म्हणजे स्की, बूट, काठ्या. हेल्मेट, गॉगल, हातमोजे यांचं भाडं वेगळं. वर गंडोलाचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, दोन्ही टप्पे पॅकेजमध्ये घुसवलेले. नवशिक्यांचा उतार खालीच आहे हो! दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथून स्कीवर उतरणं मुरलेल्यांचं काम. आमच्या वेळी वाऱ्याने तो बंदच होता. एका सरांमागे किती जण, हेही विचारून घ्या. आम्ही आठ होतो, ‘छोटा ग्रुप’ म्हणे. आणि बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. कुठे जमायचं याचा मेसेज मला रात्री हॉटेलच्या वायफायवर मिळाला, क्लास सकाळी झालेला.

तयारीचं सांगते. दोन महिने रोज पहाटे अजिंक्यतारा चढले आणि उतरताना ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून आले. दम उत्तम वाढला. पण स्कीत तुम्ही सतत उतरतच असता. पहिल्याच संध्याकाळी मांड्या अशा पेटल्या की हॉटेलचा जिना मी उलटी होऊन, कठडा धरून उतरले. गड चढा, पण पायी सावकाश उतरा, आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर टिकायची सवय करा.

सरांबद्दल तक्रार शून्य. थांबायचं कसं ते आधी, पळायचं नंतर. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखं. सर ‘पिझ्झा, पिझ्झा’ ओरडायचे. इंग्रजीत त्याला नांगरच म्हणतात, आमच्या सासऱ्यांना पहिल्या फटक्यात समजलं असतं. तिसऱ्या दुपारी मी न पडता थांबले, तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांना कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स दिला.

जाण्याआधी स्वतःची पॉलिसीही वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. पंधरवड्याची रजा मिळत असेल तर मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत बेसिक स्की कोर्सची चौकशी करा.

बुकिंगवाल्याकडे अर्ध्या दिवसाचे पैसे परत मागितले. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. त्याला आता तीन आठवडे झाले.