उडवाउडवीच्या उत्तरांची शब्दशः नोंद: ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनचे संकेतस्थळ

कार्यालयातील अंतर्गत तक्रार समितीची सदस्य म्हणून ‘आठवत नाही’, ‘माझ्या कानावर आले नव्हते’ अशी उत्तरे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांच्यापुढे कोणता प्रश्न ठेवायचा, हे मात्र मी या संकेतस्थळावर शिकले. संस्थांमधील बाललैंगिक शोषणाच्या चौकशीसाठी २०१३ साली ऑस्ट्रेलियात सरकारने नेमलेल्या या आयोगाने (रॉयल कमिशन) ५७ जाहीर सुनावण्या घेतल्या आणि त्यांतील प्रश्नोत्तरे तेथे कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

सुरुवात ऑस्ट्रेलियातील कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल जॉर्ज पेल यांच्या २०१६ मधील साक्षीपासून करावी. हृदयविकारामुळे त्यांना प्रवास शक्य नव्हता, म्हणून ही साक्ष रोममधील एका हॉटेलातून व्हिडिओद्वारे चार दिवस चालली, आणि ती समोर बसून ऐकता यावी यासाठी ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट शहरातील शोषण सोसलेली माणसे लोकवर्गणी जमवून तिथवर गेली. मुलांचे लैंगिक शोषण करणारा तेथील धर्मगुरू जेराल्ड रिड्सडेल याच्या कृत्यांविषयी पेल म्हणाले की ती दुःखद कहाणी होती, पण आपल्याला तिच्यात फारसे स्वारस्य नव्हते. हे उत्तर चुकल्याचे त्यांनी नंतर मान्य केले. आयोगाच्या वकील गेल फर्नेस एका प्रश्नात एकच गोष्ट विचारतात. १९८२ साली रिड्सडेलच्या बदलीवर चर्चा झालेल्या बैठकीला आपण होता का? बदलीचे कारण काय सांगितले गेले? त्यावर आपण काय विचारले? पानाच्या कडेला ओळींचे क्रमांक असल्यामुळे कालचे उत्तर आज बदलले, तर ते बोट ठेवून दाखवता येते.

खुद्द पेल यांच्यावरील बाललैंगिक शोषणाच्या वेगळ्या खटल्यातील शिक्षा एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केली. ती बाब या साक्षीत मिसळू नये. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाच्या अहवालाचा, या खटल्यामुळे तोवर झाकलेला भाग खुला झाला. बॅलरॅटच्या बिशपांनी १९८२ च्या त्या बैठकीत मुलांच्या शोषणाच्या तक्रारींचा उल्लेखही केला नसेल, हे आयोगाला पटण्याजोगे वाटले नव्हते. या निष्कर्षांचे आश्चर्य वाटल्याचे पेल यांनी सांगितले.

आठ हजारांहून अधिक जणांनी आयोगाशी खासगीत बोलून आपले अनुभव सांगितले. त्यांतील अनेकांच्या हकिगती नावे बदलून दिल्या आहेत. साक्षी वाचण्याआधी त्या वाचाव्यात, मात्र एका बैठकीत फार वाचू नयेत. मला दोन-तीन हकिगतींनंतर थांबावे लागते.

आमच्या समितीत पूर्वी उत्तरांचा सारांश लिहिला जाई. आता प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसेच्या तसे लिहून त्यावर सही घेतो.